भिंतीत कोंडलेली हवा

कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, परळी, दीपनगर, एकलहरे या वीज केंद्रांच्या भट्ट्यांत रोज जो कोळसा जातो, त्यातला बराच भाग जळतच नाही. आपल्या देशातल्या कोळशात साधारण ३० ते ४५ टक्के राख असते. म्हणजे शंभर टन कोळसा आत गेला की तीस-चाळीस टन राख मागे उरते. देशभरातल्या औष्णिक केंद्रांतून अशी राख वर्षाला २० कोटी टनांहून अधिक निघते. त्यातली काही सिमेंटमध्ये जाते, काही रस्त्यांच्या भरावात, काही बंद पडलेल्या खाणींत. उरलेली पाण्यात कालवून पाइपाने राखेच्या तळ्यांत सोडली जाते. जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळच्या खसाळ्याच्या राख तळ्याचा बांध फुटला आणि राखमिश्रित पाणी आसपासच्या शेतांत आणि नाल्यांत शिरले. ज्यांनी ती शेते पाहिली त्यांना राखेचा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही.

नागपूर-चंद्रपूरच्या याच पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. चंद्रपूर आणि ब्रह्मपुरी इथे तो ४७ ला टेकतो. विदर्भातला माणूस २५ मेच्या सुमारास सुरू होणाऱ्या नवतप्याची वाट भीतीनेच पाहतो. दुपारचे ऊन सोसता येते. सोसवत नाही ती रात्र, कारण दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत खाली उष्णता टाकत राहतो आणि कूलर तीच गरम हवा खोलीत फिरवत बसतो. राखेचे ढीग आणि तापलेली घरे एकाच तालुक्यात, कधी एकाच गावात आहेत. त्यातल्या एकाने दुसऱ्याचे दुःख कमी करता येते का, आणि येत असेल तर नेमके कसे, हा या पुस्तकाचा विषय आहे.

पुस्तक लिहायला घेतले त्यामागे एक तक्रार आहे, ती आधीच सांगतो. आपल्याकडे राखेचा हिशेब टनांत होतो. केंद्र सरकारने १४ सप्टेंबर १९९९ रोजी राखेच्या वापराची अधिसूचना काढली आणि वीज केंद्रांच्या ५० किलोमीटर परिसरातल्या वीटभट्ट्यांना राख मिसळणे बंधनकारक केले. पुढे हे अंतर १०० आणि मग ३०० किलोमीटर झाले. ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने तर न वापरलेल्या राखेवर टनाला १,००० रुपये भरपाई लावली. हे नियम गरजेचे होते आणि त्यांच्यामुळे राखेला गिऱ्हाईक मिळाले, यात शंका नाही. पण या सगळ्या हिशेबात एकच प्रश्न विचारला जातो : राख खपली का? ती ज्या भिंतीत गेली, ती भिंत आतल्या माणसाला किती अंशांनी सुखाची झाली, हे विचारायला कोणाच्याही तक्त्यात रकाना नाही. राख टनांत मोजायची तशी भिंत अंशांत मोजायची, एवढाच माझा आग्रह आहे आणि पुढची सगळी प्रकरणे त्या आग्रहापोटी लिहिली आहेत.

हा फरक किती मोठा आहे ते एका उदाहरणावरून कळेल. राख, चुना, जिप्सम किंवा सिमेंट यांपासून दाबून केलेली करडी वीट आज सगळीकडे मिळते. ती बांधकामाला चांगली आहे, काटकोनात असते, मातीचा सुपीक थर वाचवते. तिच्याबद्दल दुकानात आणि साइटवर सर्रास ऐकू येते की ही 'थंड' वीट आहे. ती तशी नाही. घनमीटरला १,६०० किलोहून अधिक वजनाच्या अशा भरीव विटेची उष्णतावाहकता ०.८५ वॅट प्रति मीटर-केल्विनच्या आसपास असते, म्हणजे पक्क्या लाल विटेएवढीच. विटेत राख आहे म्हणून उष्णता थांबत नाही. उष्णता थांबते ती विटेत हवा असेल तर, आणि तीही कोरडी व जागच्या जागी अडकलेली असेल तर.

सगळे उष्णतारोधन याच एका गोष्टीवर उभे आहे. स्थिर हवेची उष्णतावाहकता ०.०२६ आहे. पाण्याची ०.६, लाल विटेची ०.८ च्या आसपास, काँक्रीटची १.५८. म्हणजे आपल्या डोक्यावरचा स्लॅब स्थिर हवेच्या सुमारे साठपट वेगाने उष्णता आत पोहोचवतो. हवा मात्र मोकळी असली की फिरते आणि फिरता फिरता उष्णता वाहून नेते. म्हणून तिला लहान लहान कप्प्यांत कोंडावे लागते. छिद्र एखाद्या मिलिमीटरपेक्षा लहान झाले की आतली हवा जवळजवळ फिरतच नाही. मग उष्णतेला एकच वाट उरते, ती म्हणजे छिद्रांभोवतीच्या पातळ घन भिंतींमधून वळणावळणाने जाण्याची. हलके बांधकाम साहित्य बनवण्याचे सारे शास्त्र ही वाट जितकी अरुंद, लांब आणि अडथळ्यांची करता येईल तितकी करण्याचे आहे.

ही कल्पना स्वीडनमध्ये आकाराला आली. पहिल्या महायुद्धानंतर तिथे लाकडाची आणि इंधनाची चणचण होती. लाकडासारखी हलकी, ऊब राखणारी, पण न जळणारी आणि न कुजणारी वस्तू हवी होती. स्टॉकहोमच्या तंत्रशिक्षण संस्थेतले वास्तुरचनाकार योहान आक्सेल एरिकसन यांनी १९२० च्या दशकात फुगवलेले आणि वाफेच्या दाबाखाली शिजवलेले काँक्रीट तयार केले. १९२९ पासून त्याचे कारखान्यात उत्पादन सुरू झाले. पाठोपाठ त्याच देशात सिपोरेक्स आले. तेच तंत्र बी. जी. शिर्के यांनी १९७० च्या दशकात पुण्यात आणले, आणि आजही पुण्या-मुंबईकडचा गवंडी कोणत्याही कंपनीच्या पांढऱ्या-करड्या ब्लॉकला सिपोरेक्सच म्हणतो. थंडीपासून बचावासाठी जन्मलेली वस्तू आपल्या उन्हाळ्यालाही तितकीच लागू पडते, कारण भिंतीला उष्णता आत जाते की बाहेर याच्याशी काही देणेघेणे नसते.

असा ब्लॉक तयार होताना एकदा तरी पाहावा. राख, चुना, सिमेंट आणि थोडे जिप्सम पाण्यात कालवून दाट लगदा करतात. त्यात ६० ते ७० टक्के राखच असते. शेवटी ॲल्युमिनियमची बारीक पूड पडते, घनमीटरला अर्ध्या किलोच्या आसपास. एवढीशीच. लगदा लोखंडी साच्यात अर्ध्याहून थोडा वर भरतात आणि थांबतात. चुन्याशी ॲल्युमिनियमची क्रिया सुरू होते, हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात आणि काही मिनिटांत तो करडा लगदा गुपचूप साच्याच्या काठापर्यंत चढतो. वरच्या पापुद्र्यावर बुडबुडे फुटताना बारीक सरसर ऐकू येते. हायड्रोजन निघून जातो, त्याच्या जागी हवा येते. तीन-चार तासांत हा 'केक' बोट दाबले तर ठसा उमटेल इतका घट्ट होतो. मग ताणलेल्या तारांनी तो कापतात आणि ऑटोक्लेव्हमध्ये ढकलतात. तिथे १८० ते १९० अंशांची वाफ आणि वातावरणाच्या दहा-बारा पट दाब यांत कित्येक तास राहिल्यावर चुना आणि राखेतली सिलिका यांचे टोबरमोराइट नावाचे स्फटिक बनतात. ब्लॉकची ताकद त्यांच्यामुळे येते. बाहेर येणाऱ्या ब्लॉकच्या आकारमानात घन पदार्थ एक-चतुर्थांशाच्या आसपासच उरलेला असतो.

आता सुधारणेचा प्रश्न. सर्वांत सोपी वाट म्हणजे आणखी हवा भरणे, आणि नवशिक्या उत्पादक तेच करतो. पण हवा वाढली की ताकद घटते. भारतीय मानक २१८५ च्या तिसऱ्या भागाच्या १९८४ च्या आवृत्तीत हा व्यवहार आकड्यांत मांडला आहे. घनमीटरला ८५१ ते १,००० किलो वजनाचा पहिल्या प्रतीचा ब्लॉक ७ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर दाब सोसतो, पण त्याची उष्णतावाहकता ०.४२ पर्यंत चालते. ५५१ ते ६५० किलोचा ब्लॉक ४ न्यूटन सोसतो आणि वाहकता ०.२४ वर येते. ४५१ ते ५५० किलोचा ०.२१ वर येतो, पण ताकद निम्मी होऊन २ वर उतरते. शेवटच्या पायरीकडे नीट पाहा. ताकद अर्धी गमावून उष्णतेत मिळाले ते जेमतेम १२ टक्के. म्हणून केवळ हलके करत जाणे हा माझ्या मते संपत आलेला मार्ग आहे. त्याच वजनात छिद्रांची रचना आणि त्यांच्या भिंतींचा पदार्थ सुधारणे हे खरे काम आहे, आणि इथे राखेचे काही अंगभूत गुण कामाला येतात.

पहिला गुण तिच्या काचेत आहे. भट्टीत १,३०० अंशांच्या वर कोळशातली माती वितळते आणि धुराबरोबर उडताना इतक्या झपाट्याने थंड होते की तिच्यात स्फटिक बनायला सवडच मिळत नाही. बराचसा भाग काच होऊन राहतो. वाळूतल्या क्वार्ट्झसारख्या सुबक स्फटिकातून उष्णता वेगाने जाते, काचेच्या अस्ताव्यस्त रचनेत ती अडखळते. वाळूच्या जागी राख घातली तर वजन तेवढेच ठेवूनही वाहकता कमी मिळते, ती यामुळे. अर्थात राखेत न जळलेला कोळसा जास्त असेल, किंवा आज एका भट्टीची आणि उद्या दुसऱ्या भट्टीची राख येत असेल, तर बुडबुडे एकसारखे येत नाहीत. मोठे बुडबुडे एकमेकांत फुटून आरपार वाटा तयार होतात. राखेच्या प्रत्येक ट्रकची बारीकी आणि जळितघट तपासणारा कारखाना आणि न तपासणारा कारखाना, यांच्या ब्लॉकमध्ये बाहेरून काही फरक दिसत नाही. फरक भिंतीत गेल्यावर कळतो.

दुसरा गुण मला सर्वांत सुंदर वाटतो. वितळलेल्या थेंबात कधी कधी वायू अडकतो आणि थेंब आतून फुगून पोकळ गोळा बनतो. याला सेनोस्फिअर म्हणतात. राखेत त्यांचे प्रमाण एखाद-दोन टक्केच असते, पण ते पाण्यापेक्षा हलके असल्याने राखेच्या तळ्यावर पांढुरक्या सायीसारखे तरंगतात आणि मजूर ते गोळा करतात. चिमूटभर बोटांत घेतले तर टाल्कम पावडरीसारखे घसरते. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र प्रत्येक कण म्हणजे काचेचा बंद फुगा दिसतो. बुडबुडा फुटू शकतो, त्यात पाणी शिरू शकते, या फुग्यात शिरत नाही. गिलाव्यात, छताखालच्या पाट्यांत, पातळ थराच्या रोधकांत त्याचा उपयोग कसा होतो यावर एक पूर्ण प्रकरण दिले आहे.

तिसरी वाट म्हणजे ऑटोक्लेव्ह टाळणे. तयार फेस सिमेंट-राखेच्या लगद्यात मिसळून केलेल्या फेसाळ काँक्रीटला, ज्याला बाजारात सीएलसी म्हणतात, वाफेची गरज नसते आणि ते थेट साइटवर ओतता येते. मानक २१८५ चा २००८ चा चौथा भाग त्याच्यासाठीच आहे. राखेची चुन्याशी क्रिया संथ असते, म्हणून त्याला सावलीत ओले ठेवून दिवस द्यावे लागतात. घाई केली की ते आक्रसते आणि भेगाळते. राखेला तीव्र अल्कली देऊन सिमेंटशिवायच घट्ट करण्याचे आणि पेरॉक्साइडने फुगवण्याचे जिओपॉलिमरचे प्रयोगही आशादायक आहेत. पण प्रयोगशाळेतला ठोकळा आणि ठेकेदाराच्या हातातली वस्तू यांत अजून अंतर आहे, त्यामुळे त्यांना या पुस्तकात कमी पाने दिली आहेत.

इथवर कारखान्याचा विचार झाला. माझ्या अनुभवात मोठे नुकसान कारखान्याबाहेर होते आणि त्याबद्दल फारच कमी लिहिले गेले आहे. ऑटोक्लेव्हमधून निघालेल्या ब्लॉकमध्ये वजनाच्या ३० टक्क्यांच्या आसपास पाणी असू शकते. ते वाळायला वेळ लागतो. अशात ब्लॉक साइटवर उघड्यावर रचले जातात, आणि वळीव येतो. त्यावर कळस म्हणजे लाल विटेची सवय. लाल वीट लावण्याआधी भिजवावी लागते, नाहीतर ती मालातले पाणी शोषून घेते. हाडात मुरलेल्या या सवयीने गवंडी ब्लॉकच्या ढिगावरही पाइप धरतो, आणि मग भिंत झाल्यावर आठवडाभर सकाळ-संध्याकाळ पाणी मारतो. तो मनापासून चांगले काम करत असतो. त्याला वेगळे काही कोणी सांगितलेले नसते, एवढेच. ब्लॉकला लावण्यापूर्वी पृष्ठभाग ओलसर करण्यापुरते पाणी पुरते. भिजलेल्या गोधडीने जशी ऊब मिळत नाही, तसे भिजलेल्या ब्लॉकने उष्णता अडत नाही : छिद्रात हवेच्या जागी पाणी आले की तिथली वाहकता वीस पटींहून अधिक होते. ब्लॉकमध्ये वजनाच्या एक टक्का ओल वाढली की त्याची वाहकता सुमारे चार टक्क्यांनी वाढते. दहा टक्के ओल म्हणजे जवळपास दीडपट. कारखान्याच्या पत्रकावर छापलेला आकडा असतो तो वाळवलेल्या तुकड्याचा. तो खोटा नसतो, पण कोकणातल्या ऑगस्टमधल्या पश्चिमेकडच्या भिंतीचा तो आकडा नव्हे. म्हणूनच बाहेरच्या गिलाव्याची जात, खिडकीच्या छज्ज्याखालची पन्हळ, पायथ्याची ओल अडवणारी पट्टी या गोष्टी मी उष्णतारोधनाच्या प्रकरणात घेतल्या आहेत, गळतीच्या नव्हे.

दुसरे नुकसान सांध्यांत होते. हे गणित करून पाहण्यासारखे आहे. ६०० बाय २०० मिलिमीटर दर्शनी मापाचा ब्लॉक १२ मिलिमीटर जाडीच्या सिमेंट-रेतीच्या मालात लावला, तर भिंतीच्या दर्शनी क्षेत्रफळाचा साडेसात टक्के भाग नुसता माल असतो. मालाची वाहकता ०.७२ आणि ब्लॉकची ०.२४ धरली, तर साऱ्या भिंतीची सरासरी ०.२७ च्या वर जाते, म्हणजे १५ टक्के फायदा सांध्यांतून गळून गेला. हाच ब्लॉक तयार ॲडेसिव्हच्या ३ मिलिमीटर थरात लावला तर सांधे दोन टक्क्यांवर येतात आणि नुकसान चार टक्क्यांवर. कारखान्यात घनता ६०० वरून ५०० वर आणायला जो खटाटोप आणि जी ताकद खर्ची पडते, त्यातून मिळणाऱ्या लाभाच्या जवळपास जाणारा लाभ इथे नुसत्या दातेरी थापीने मिळतो. मात्र त्यासाठी ब्लॉकची मापे नेमकी हवीत. ज्याची मापे पाच-पाच मिलिमीटर इकडेतिकडे आहेत त्या ब्लॉकला पातळ थर चालतच नाही. कापणी करणाऱ्या तारेचा ताण अशा रीतीने थेट आतल्या माणसाच्या झोपेशी जोडलेला आहे.

तिसरे नुकसान कॉलम-बीमचे. २०० मिलिमीटरच्या ब्लॉकची दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली भिंत घेतली, तर तिच्यातून अंशाच्या फरकामागे चौरस मीटरला साधारण ०.९६ वॅट उष्णता जाते. लाल विटेच्या नऊ इंची भिंतीतून दोनाहून अधिक. फरक दुपटीहून मोठा आहे. पण त्याच भिंतीचा पाचवा हिस्सा तेवढ्याच जाडीच्या काँक्रीटच्या सांगाड्याने व्यापला असेल, तर काँक्रीटमधून ३ वॅट जातात आणि सरासरी ०.९६ वरून १.३७ च्या घरात पोहोचते. ज्या इमारतीची जाहिरात ब्लॉकच्या आकड्यावर होते तिची भिंत प्रत्यक्षात अशी असते. बीमच्या बाहेरच्या अंगाला ५० मिलिमीटर हलक्या ब्लॉकचे अस्तर देण्यासाठी आराखड्यातच जागा ठेवावी लागते. नंतर ते जमत नाही. सांगाडा आणि ब्लॉक यांच्या सांध्यावर चिकन मेश नीट मारली नाही तर तिथेच भेग पडते, भेगेतून पाणी, आणि पुन्हा ओलीचे चक्र.

आणि छत. नागपूर २१ अक्षांशावर आहे, त्यामुळे मेच्या अखेरीस, म्हणजे ऐन नवतप्यात, भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो. त्या वेळी उभ्या भिंतींवर ऊन तिरके घसरते आणि गच्चीवर सरळ कोसळते. बैठ्या घरात आणि वरच्या मजल्यावर जे सोसावे लागते त्यात भिंतीपेक्षा छताचा वाटा मोठा असतो, आणि तरी महागडे ब्लॉक लावून डोक्यावर उघडा स्लॅब ठेवणारी घरे जागोजागी दिसतात. १२५ मिलिमीटरच्या उघड्या स्लॅबमधून अंशामागे चौरस मीटरला साडेतीन वॅटच्या आसपास उष्णता उतरते. निवासी इमारतींसाठी डिसेंबर २०१८ मध्ये आलेल्या इको निवास संहितेची छतासाठीची मर्यादा १.२ आहे. आपल्याकडची जुनी तोड म्हणजे विटांच्या तुकड्यांचा कोबा. तो उतार देतो, पाणी अडवतो, थोडी उष्णताही अडवतो, पण त्याचे वजन चौरस मीटरला २०० किलोच्या घरात जाते. त्याच्या जागी ४०० किलो घनतेच्या राखेच्या फेसाळ काँक्रीटचा १०० मिलिमीटर थर दिला तर वजन ४० किलो होते आणि उष्णता ०.९ च्या खाली येते. अट एकच : त्याच्यावर पक्का जलरोधक थर आणि फरशी हवी. फेसाळ काँक्रीटने एक पावसाळा पाणी प्यायले तर पुढचे दोन उन्हाळे ते काम करत नाही. हा थर स्लॅबच्या वर हवा, खाली नको, म्हणजे ऊन स्लॅबपर्यंत पोहोचणारच नाही आणि रात्री ओकायला त्याच्याकडे साठाही नसेल.

एक इशारा इथेच देतो, कारण हलक्या भिंतीबद्दल अवाजवी अपेक्षा ठेवून नंतर निराश झालेली माणसे मी पाहिली आहेत. रोधक भिंत उष्णता अडवते, पण एकदा आत आलेली उष्णताही ती बाहेर जाऊ देत नाही. गॅसची शेगडी, माणसे, काचेतून आलेले ऊन, सगळे आत कोंडते. पहाटे बाहेरची हवा निवते तेव्हा समोरासमोरच्या खिडक्या उघडून घर धुवून काढता आले नाही, तर ब्लॉकचे घर विटेच्या घरापेक्षा कोंदट वाटू शकते. वाड्यांच्या जाड भिंती दुपारची उष्णता पोटात घेऊन रात्रीपर्यंत धरून ठेवत. हलक्या भिंतीला ते जमत नाही. म्हणून रोधन बाहेर आणि वजन आत, ही मांडणी मला विदर्भ-मराठवाड्यासाठी योग्य वाटते. दमट मुंबईत तिचा लाभ वेगळा आणि कमी आहे, कारण तिथे रात्र फारशी निवत नाही.

राखेशिवायचे पदार्थही या पुस्तकात आहेत, पण थोडक्यात. फॉस्फरिक आम्ल करताना उरणाऱ्या जिप्समपासून ट्रॉम्बेच्या राष्ट्रीय केमिकल्सने खोलीच्या उंचीचे पोकळ भिंतीपट बनवले. त्यांच्या पोकळ्यांत काँक्रीट भरायचे की हलके रोधक, यावर त्यांची उष्णता ठरते. नागपूरच्या व्हीएनआयटीत कागद गिरणीच्या गाळापासून हलक्या विटा करण्यावर संशोधन झाले आहे : गाळातले तंतू जागा अडवतात आणि विटेत बारीक पोकळ्या राहतात. भंडारा-गोंदियाच्या भाताच्या तुसाची राख सिलिकाने समृद्ध आणि मुळातच सच्छिद्र असते. कोल्हापूर-सोलापूरकडच्या साखर कारखान्यांतली बगॅसची राख विपुल आहे, पण तिच्यात न जळलेला भाग बराच असतो आणि चाळल्या-दळल्याशिवाय ती भरवशाची नाही. पोलाद कारखान्याच्या स्लॅगपासून ओढलेली लोकर रोधक म्हणून जुनी आणि सिद्ध आहे.

'टाकाऊ' पदार्थ घरात आणताना त्याची जन्मकथा विचारावी लागते, हेही स्वीडननेच शिकवले. तिथले पहिले फुगवलेले काँक्रीट तुरटीयुक्त शेल जाळून उरलेल्या पदार्थापासून बनत असे. रंगाने निळसर असलेल्या या काँक्रीटची लाखो घरे झाली. त्या शेलमध्ये युरेनियमचा अंश होता. त्यातून निघणारा रेडॉन वायू बंद घरांत साचतो हे लक्षात आल्यावर १९७५ मध्ये ते उत्पादन थांबले, आणि तिथे आजही अशा घरांत रेडॉन मोजावा लागतो. हे सांगण्यामागे राखेची भीती घालण्याचा हेतू नाही. पण प्रत्येक नव्या उपपदार्थाची किरणोत्सारिता आणि पाझरणारे जड धातू तपासल्याशिवाय त्याला झोपायच्या खोलीत जागा देऊ नये, आणि ही तपासणी उत्पादकाने स्वखर्चाने करून ब्लॉकच्या बिलासोबत द्यावी, असे माझे ठाम मत आहे.

हे पुस्तक पदविकेच्या विद्यार्थ्यांसाठी, साइटवरच्या अभियंत्यांसाठी, लहान ठेकेदारांसाठी आणि घर बांधायला निघालेल्या माणसासाठी लिहिले आहे. सूत्रे लागतील तिथेच आणि सोडवलेल्या उदाहरणांसह दिली आहेत. उष्णतावाहकता मोजण्याची मानक ३३४६ मधली दुहेरी पाटीची पद्धत प्रयोगशाळेची आहे, पण भिंतीच्या आत-बाहेर दोन तापमापक लावून आठवडाभर नोंदी घेणे कोणालाही जमते, आणि ते कसे करायचे हे चित्रांसह दाखवले आहे. गवंड्यासाठीच्या प्रकरणाची भाषा मुद्दाम साइटवरची ठेवली आहे. ते प्रकरण फाडून भिंतीवर चिकटवले तरी मला आनंदच होईल.

शेवटचे प्रकरण टिनाच्या घरांवर आहे आणि ते अपुरे आहे, कारण काम अपुरे आहे. राखेच्या तळ्यांच्या आसपासच्या वस्त्यांत अनेक घरांवर नुसते पत्रे आहेत. उघड्या पत्र्यातून अंशामागे चौरस मीटरला ५ वॅटच्या जवळपास उष्णता येते. पत्र्याखाली हवेची फट सोडून राखेच्या फेसाळ काँक्रीटची ५० मिलिमीटरची पाटी बसवली तर हा आकडा १.२५ च्या आसपास येतो, म्हणजे तीन-चतुर्थांश उष्णता अडते. पण त्या पाटीचे वजन चौरस मीटरला २० किलो होते आणि पत्र्याच्या घराचे वासे ते पेलत नाहीत. सेनोस्फिअर मिसळून पाटी निम्म्या वजनाची करता येईल का, तिला आधार देणारा स्वस्त सांगाडा कोणता, ती दोन माणसांनी शिडीवरून चढवावी कशी आणि पावसाळ्यात पत्र्याच्या खिळ्यांतून गळणारे पाणी तिच्यापर्यंत पोहोचू नये म्हणून काय करावे, हे प्रश्न त्या प्रकरणात आजवर हाती आलेल्या मापांसह आणि रेखाचित्रांसह मांडले आहेत. ज्याला हात घालायचा असेल त्याने तिथूनच पुढे सुरुवात करावी.